जेहॉक्सच्या गाण्यातला दुसरा आवाज

मा. संपादक यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन कंट्री संगीतावर जो दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयासाठी अख्खे पान काढावे, याचा मला मनापासून आनंद झाला आणि लेखकाने जुन्या गायकांविषयी जे लिहिले आहे ते आस्थेने लिहिले आहे, हेही आधीच नमूद करते. मात्र लेखाच्या शेवटाकडे मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिस शहराच्या 'द जेहॉक्स' या बँडविषयी जो परिच्छेद आहे, त्यातील दोन विधाने मला पटलेली नाहीत आणि एक तपशील सरळ चुकलेला आहे. मार्क ओल्सन हा या बँडचा गायक आणि गॅरी लूरिस हा त्याचा 'साथीदार', असे लेखक म्हणतात. आणि १९९५ साली ओल्सन बाहेर पडल्यावर या बँडने मातीतल्या अस्सल सुरात 'पॉपची साखर' कालवून भेसळ केली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या दोन विधानांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे या गाण्यांतला दुसरा आवाज लेखकांनी ऐकलेलाच नाही. असे म्हणताना मला त्यांचा उपमर्द करायचा नाही, कारण मलाही तो कित्येक महिने ऐकू आला नव्हता.

१९९६ ते २००१ या काळात आमचे बिऱ्हाड मिनिॲपोलिसजवळच्या एका उपनगरात होते. पहिल्या हिवाळ्यात मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून शेजारच्या बाई मला आठवड्याच्या बाजारहाटाला आपल्या गाडीतून नेत असत. गाडी सुरू केल्यावर काचांवरचे बर्फ वितळेपर्यंत आम्ही दोघी दहा-पंधरा मिनिटे आत बसून राहायचो, आणि तेवढ्या वेळात त्या 'टुमॉरो द ग्रीन ग्रास' या अल्बमची कॅसेट लावायच्या. त्यातल्या 'ब्लू' या गाण्यात ओल्सन आणि लूरिस बरोबरीने गातात. मी भजनी मंडळात वाढलेली आणि पेटी शिकलेली. एका गाण्याला एक चाल असते आणि बाकीचे सगळे तिच्यामागून जातात, हे माझ्या हाडीमांसी भिनलेले होते. त्यामुळे तिसऱ्या की चौथ्या वेळी मी त्यांना न राहवून विचारले, की या दोघांपैकी खरी चाल कोण गातो आहे? त्या बाई लहानपणापासून आपल्या लुथरन चर्चमध्ये समूहगायन करत आलेल्या होत्या. माझा प्रश्नच त्यांना कळेना. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "दोघेही."

मला ते उत्तर तेव्हा पटले नाही. पटले ते पुढच्या वर्षी, घरी पेटीवर बसून मी ते दोन आवाज वेगवेगळे काढून पाहिले तेव्हा. ओल्सनचा आवाज खालचा, काहीसा खरखरीत आणि बोलल्यासारखा आहे. लूरिसचा आवाज त्याच्या वर, पातळ आणि लांबणारा. खालच्या आवाजाची ओळ एकटी वाजवली तर ती चाल म्हणून उभी राहते. वरच्या आवाजाची ओळ एकटी वाजवली तर ती कित्येकदा विचित्र वाटते. ती एखाद्या स्वरावर थबकते, आपण वर जाईल म्हणावे तिथे जात नाही, आणि खालचा आवाज हलला तरी ही तिथेच उभी राहते. पण दोन्ही एकत्र आल्या की खालच्या ओळीचा अर्थच पालटतो. खालचा आवाज षड्जावर आणि वरचा गंधारावर असला तर जो निवांतपणा येतो, तो खालचा आवाज एक पायरी उतरताच ओसरतो, आणि वरचा मात्र जागचा हललेलाही नसतो. गाण्यातली हुरहुर या अशा क्षणांतून येते. ती एकट्या ओल्सनच्या गळ्यात नाही आणि एकट्या लूरिसच्याही नाही.

याच खटाटोपात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी पेटी वाजवणाऱ्या वाचकांना लगेच समजेल. पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण तिचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. दोन माणसे एकमेकांचे ऐकून गातात तेव्हा त्यांचा गंधार आपोआप किंचित उतरून जागेवर येतो. त्यामुळे मी पेटीवर तेच स्वर दाबूनही ते गाणे माझ्याकडून कधी तितके गोड वाजले नाही. लेखकांना जी साखर वाटली, ती बाहेरून आणून घातलेली नाही; दोन गळे एकमेकांशी जुळताना ती तिथेच तयार होते.

आता 'माती' आणि 'पॉप' या विभागणीकडे वळते. लेखकांच्या मते गिटारचा झणकार, नाकातून येणारी ती ओढ आणि पेडल स्टील या गिटारच्या जातीतल्या वाद्याचे हेलकावे ही माती. आणि गोड चाल व जोडीने गाणे हे पॉप. इतिहास असे सांगत नाही. जोडीने, एकमेकांना चिकटून गाण्याची ही रीत कंट्री संगीतातच आधीपासून आहे. अलाबामा राज्यातले आयरा आणि चार्ली लूव्हिन हे भाऊ चर्चमधल्या जुन्या समूहगायनाच्या संस्कारात वाढले. मेंडोलिन वाजवणारा आयरा वरच्या पट्टीत आणि गिटार वाजवणारा चार्ली खालच्या पट्टीत गाई, आणि एखाद्या ओळीच्या मध्यावर दोघे आपापल्या जागांची अशी अदलाबदल करत की ऐकणाऱ्याला सांधा सापडत नसे. त्यांच्यानंतर केंटकीच्या घराण्यातले एव्हर्ली बंधू आले. त्यांनी हीच रीत तरुणांच्या गाण्यात नेली. त्यांच्यावरून बीटल्सनी धडे घेतले, आणि हे त्यांनी स्वतःच मान्य केलेले आहे. जानेवारी १९६३ मध्ये निघालेल्या 'प्लीज प्लीज मी' या त्यांच्या दुसऱ्या सिंगलमध्ये मॅकार्टनी वरच्या एकाच स्वरावर टिकून राहतो आणि लेननचा आवाज त्याच्याखालून पायरी पायरीने उतरत जातो. ही युक्ती थेट एव्हर्ली बंधूंची. म्हणजे ज्याला आपण पॉपचा गोडवा म्हणतो, तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ मुलखातून आणि तिथल्या चर्चमधून निघून इंग्लंडला जाऊन आला. जेहॉक्सनी कंट्रीचा झणकार आणि पॉपची चाल एकत्र केली, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे खरी, पण मला तर ते दोन चुलत भावंडांनी पुन्हा एका घरात राहायला येण्यासारखे वाटते.

पेडल स्टीलविषयी लेखात केवळ 'रडके वाद्य' एवढाच उल्लेख आहे. या वाद्यावर असा अन्याय होऊ नये. वाजवणारा बसून वाजवतो. समोर आडव्या पाटावर बहुधा दहा तारा असतात, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांशी तरफा. कांडी तारांवरून सरकवली की आपल्याकडच्या मींडेसारखी अखंड स्वरवाट मिळते. परंतु पेडल दाबले की काही ठराविक तारांचाच स्वर चढतो आणि शेजारच्या तारा होत्या तिथेच राहतात. एक स्वर स्थिर, दुसरा सरकणारा. बड आयझॅक्स या वादकाने १९५३ साली वेब पिअर्स या कंट्री गायकाच्या एका ध्वनिमुद्रणात हे प्रथम ठसठशीतपणे ऐकवले. ते गाणे पुढच्या वर्षी गाजले आणि मग हा नाद कंट्रीची ओळखच होऊन बसला. वर मी लूरिस आणि ओल्सन यांच्या आवाजांविषयी जे सांगितले, तेच हे वाद्य एकट्याने करते. 'टुमॉरो द ग्रीन ग्रास'मध्ये ग्रेग लाइस या कसलेल्या वादकाने स्टीलचे काम केले आहे, ते गाण्याला कुठेही रडवत नाही. गायक श्वास घ्यायला थांबतात तेवढ्या जागेत ते तिसरा आवाज होऊन येते आणि निघून जाते.

मराठी वाचकाला हे वाद्य परके वाटण्याचे तर मुळीच कारण नाही. मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवायची गिटार हवाई बेटांवरून निघाली. एका वाटेने ती अमेरिकेत जाऊन पेडल स्टील झाली आणि दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आली. तिच्यावर पं. ब्रिजभूषण काबरा यांनी राग वाजवले, १९६७ साली पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचली, आणि पुढे पं. विश्वमोहन भट्टांनी तिला मोहनवीणेचे रूप दिले. मिनेसोटातल्या त्या गाडीत मला पहिल्यांदा जे ओळखीचे वाटले, ते गाणे नव्हतेच. ती मींड होती.

आता बँडच्या हकिगतीकडे येते, कारण लेखात ती फार घाईने आटोपली आहे. जेहॉक्स १९८५ साली मिनिॲपोलिसमध्ये सुरू झाले. ते शहर तेव्हा प्रिन्स या पॉपगायकाचे आणि रिप्लेसमेंट्स, हस्कर डू यांसारख्या कर्णकर्कश, तडफदार बँडांचे होते. तिथे जुन्या वळणाची जोडगाणी गाणे हे धाडसच म्हणायचे. पहिला अल्बम १९८६ साली एका लहानशा कंपनीकडून निघाला आणि फार थोड्या प्रतींत संपला. दुसरा 'ब्लू अर्थ' १९८९ साली ट्विन/टोन या स्थानिक कंपनीने काढला. त्यानंतरची गोष्ट बँडच्या चाहत्यांत नेहमी सांगितली जाते: ब्लॅक क्रोज या बँडचा पहिला अल्बम करून नावारूपाला आलेले निर्माते जॉर्ज ड्रकूलियस यांनी ट्विन/टोनच्या कचेरीत फोन केला होता, तिकडे मागे हेच ध्वनिमुद्रण वाजत होते, आणि त्यांनी मूळ काम बाजूला ठेवून आधी हे कोण गात आहे, ते विचारले. फोनच्या तारेतून पोचले ते अर्थातच वाद्यांचे बारकावे नव्हेत. पोचले असतील ते ते दोन गळे. १९९२ साली त्यांच्याच हाताखाली 'हॉलिवूड टाउन हॉल' तयार झाला आणि १९९५ च्या फेब्रुवारीत 'टुमॉरो द ग्रीन ग्रास'. मार्क पर्लमनचे बास सुरुवातीपासून होते, आणि आता कॅरन ग्रोटबर्गचा पियानो व तिचा तिसरा आवाजही मिळाला.

लेखकांची चूक झाली आहे ती याच ठिकाणी. 'हॉलिवूड टाउन हॉल' हे नाव चित्रनगरीच्या झगमगाटावरून घेतले असून त्यात यशाची आस दिसते, असे त्यांनी लिहिले आहे. हे हॉलिवूड कॅलिफोर्नियातले नाही. मिनेसोटाच्या कार्व्हर काउंटीत, मिनिॲपोलिसच्या पश्चिमेला, हॉलिवूड नावाची एक शेतकरी टाउनशिप आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावरचे हिवाळ्यातले छायाचित्र तिथल्याच टाउन हॉलजवळ काढलेले आहे. 'ब्लू अर्थ' हेसुद्धा मिनेसोटातल्या एका नदीचे आणि गावाचे नाव. बँडने आपल्या दोन्ही अल्बमांना आपल्या मुलखातली नावे दिली आणि आपण त्यांतल्या एकात लॉस एंजेलिस पाहिले, ही गोष्ट दुरुस्त व्हायला हवी.

१९९५ च्या अखेरीस ओल्सन बँड सोडून गेला, हे खरे आहे. पण तो का गेला याबद्दल लेखात 'मतभेद' असा एकच शब्द आहे. त्याची तेव्हाची पत्नी, गायिका व्हिक्टोरिया विल्यम्स, हिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेला होता आणि तिचा आरोग्यविमा नव्हता. १९९३ साली अनेक बँडांनी तिचीच गाणी गाऊन तिच्या उपचारांसाठी एक अल्बम काढला. त्यात जेहॉक्सही होते, आणि त्यातूनच अडचणीतल्या संगीतकारांना मदत करणारा 'स्वीट रिलीफ' हा निधी उभा राहिला. ओल्सन तिच्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात राहायला गेला आणि तिथे दोघांनी घरगुती वळणाची गाणी केली. एखादा माणूस असा जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांनी भेसळ केली असे म्हणणे मला तरी निष्ठुर वाटते.

आणि मागे राहिलेल्यांनी केले तरी काय? १९९७ चा 'साउंड ऑफ लाइज' मी तो निघाला त्याच वर्षी ऐकला. तो साखरेचा अल्बम अजिबात नाही. जोडीदार गेलेला आहे आणि लूरिस आता एकटा पुढे उभा आहे. गाणी उदास, कुठे कुठे कोसळणारी आहेत. मी प्रत्येक गाण्यात तो दुसरा आवाज शोधत होते आणि तो वेगळ्याच ठिकाणी सापडत होता: ढोल वाजवणाऱ्या टिम ओ'रेगनकडे, ग्रोटबर्गकडे. ओ'रेगनने तर त्यात स्वतःचे एक गाणे म्हटले आहे. २००० सालचा 'स्माइल' बॉब एझ्रिन यांनी केला, ज्यांचे नाव पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'शी जोडलेले आहे. त्यात यंत्राचे ठेके आहेत, चकचकीतपणा आहे, आणि त्यातले एक गाणे कपड्यांच्या जाहिरातीत वाजले. लेखकांचा राग याच अल्बमवर असावा. मलाही तो या बँडच्या कामातला सर्वांत कमी आवडता अल्बम आहे, हे मी लपवत नाही. परंतु त्याचे कारण गोडवा हे नाही. तिथे वाद्यांचे थर इतके दाट आहेत की गळ्यांना एकमेकांचे ऐकायला जागा उरत नाही. २००३ च्या 'रेनी डे म्युझिक'मध्ये निर्माते ईथन जॉन्स यांनी ते थर काढून टाकले, लाकडी गिटार पुढे आणली, बँजो आणि पेडल स्टीलसाठी स्टीव्हन मॅकार्थी आले, आणि चाली मात्र पूर्वीइतक्याच गोड राहिल्या. साखरेनेच बिघाड झाला असता तर हा अल्बमही बिघडायला हवा होता.

ओल्सन आणि लूरिस पुढे पुन्हा एकत्र आले, दोघांचा मिळून एक अल्बम निघाला, २०११ साली 'मॉकिंगबर्ड टाइम' बँडच्या नावाने आला, आणि नंतर पुन्हा फाटले. तरीही बँड थांबलेला नाही. २०२० च्या अल्बममध्ये ग्रोटबर्ग आणि ओ'रेगन यांनीही पुढे होऊन मुख्य आवाजात गाणी म्हटली आहेत. एवढ्या लोकांच्या गळ्यांवर उभ्या असलेल्या बँडची हकिगत एका 'गायका'ची आणि त्याच्या 'साथीदारा'ची म्हणून सांगणे योग्य नाही.

आपल्याकडे साथ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि मी स्वतः साथीलाच बसणारी आहे, म्हणून तो शब्द कमीपणाचा आहे असे मी कधी म्हणणार नाही. गाणाऱ्याने जागा घेतली की ती मागून पेटीवर उचलून दाखवायची, त्याच्या विश्रांतीत सूर भरून धरायचा, हे माझे काम. लूरिस ओल्सनच्या मागून काहीही उचलत नाही. तो त्याच क्षणी, त्याच शब्दावर, वेगळ्या स्वरावर असतो. यासाठी मराठीत नेमका शब्द रूढ नाही, म्हणून लेखकांनी जवळचा शब्द घेतला असावा. मी माझ्या वर्गात 'जोडसूर' म्हणते. लेखकांना याहून चांगला शब्द सुचल्यास त्यांनी तो जरूर सांगावा.

त्या वर्गाविषयी दोन वाक्ये लिहिते. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींना गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन पेट्या समोरासमोर ठेवून 'ब्लू'चे दोन आवाज वाटून दिले. वरचा आवाज जिच्याकडे होता ती सातवीतली मुलगी पहिले चार दिवस दर वेळी घसरून मैत्रिणीच्या स्वरावर जायची, कारण दुसऱ्याचा सूर कानावर पडला की त्याला जाऊन मिळायचे, हेच मी तिला तीन वर्षे शिकवले होते. पाचव्या दिवशी ती ठरलेल्या स्वरावर बोट घट्ट रोवून बसली, मैत्रीण खाली उतरली, आणि दोघींनी एकदमच वाजवणे थांबवून माझ्याकडे पाहिले. काही चुकले का, असे त्यांना विचारायचे होते. मी म्हटले, नाही, हेच ते.

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे, की हॉलिवूडविषयीची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी, आणि त्याच चौकटीत या बँडचे गायक म्हणून मार्क ओल्सन आणि गॅरी लूरिस ही दोन्ही नावे बरोबरीने द्यावीत. या लेखमालेचे पुढचे भाग येणार असतील, तर लूव्हिन बंधूंवर एक स्वतंत्र भाग अवश्य घ्यावा. आपले ते पान मी कापून वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. दुरुस्ती आली की तीही त्याच्या शेजारी चिकटवीन, म्हणजे मुलींनी विचारल्यावर मला दोन्ही दाखवता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक आणि पेटीची शिक्षिका
कोथरूड, पुणे